साडी येवल्याची नव्हे

आसारामदादांच्या पत्राला राधाकृष्ण धनवट्यांनी उत्तर दिलं नाही ते नाहीच.

पत्र तसं प्रेमाचंच होतं. दादा त्यांचे थोरले चुलतभाऊ. पाटबंधारे खात्यातून बऱ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि नगरला सावेडीत बंगला बांधून राहिले. हाताशी मोबाईल असूनही त्यांना पत्र लिहायची हौस होती, आणि पत्राची कदर करणारा माणूस भाऊबंदांत एकच उरला होता, तो म्हणजे पुणतांब्याच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात जन्म काढलेला राधाकृष्ण. माझी पंचाहत्तरी आहे, दोघांनी यायचंच, असं दादांनी लिहिलं होतं. खाली कलावतीवहिनींच्या वतीने आणखी थोडं होतं. 'सविताने साडीची काळजी करू नये. हिने तिच्या दोनतीन चांगल्या काढून ठेवल्या आहेत. आदल्या दिवशी आलात तर नेसून बघता येतील. मोठी मोठी माणसं येणार आहेत.'

आलेलं पत्र बायकोला मोठ्याने वाचून दाखवायची राधाकृष्णांची जुनी सवय. त्या सवयीत ह्या ओळीही तोंडातून निघून गेल्या आणि मग त्यांची जीभ अडखळली. सविताबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"लिवा त्यांना, येतो म्हून. साडीचं मी बघते."

राधाकृष्ण लिहायला बसले. 'साडीची सोय आहे, काळजी नसावी' असं लिहिलं तर ते त्यांना मग्रूर वाटलं. 'वहिनींचे फार आभार' असं लिहिलं तर लाचार वाटलं. दोन्ही कागद फाडले. उद्या लिहू म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं वाचलेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य धड सुचू नये, याचं त्यांना वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यात उत्तर राहूनच गेलं.

खरं तर सविताबाईंना साडीची काळजी कधीच नव्हती. वाचनालयाच्या पगारात पहिल्यापासून भाजीभाकरी निघायची, पण चारचौघांत त्या उभ्या राहिल्या की बाया आधी त्यांच्याकडे बघायच्या. त्यांचं गुपित मनकर्णा बोहारणीच्या गाठोड्यात होतं. मनकर्णा नगरच्या कॉलन्यांमधून भांड्यांवर जुने कपडे घेऊन संध्याकाळच्या गाडीने परतायची. माल बाजारात जायच्या आधी गाठोडं सविताबाईंच्या ओट्यावर सुटायचं. साऱ्या बाया बोहारणीला कपडे देतात आणि भांडी घेतात. सविताबाईंचा व्यवहार उलटा. त्या भांडी द्यायच्या आणि कपडे घ्यायच्या. लग्नात आलेली, कधी चुलीवर न चढलेली पातेली, तांबे, डबे एकेक करून त्या गाठोड्यापायी घरातून गेले होते.

"वैनी, शिजवायला तरी काय ठिवलंय का न्हाई घरात?" मनकर्णा म्हणायची.

"तू साडी दाखव. शिजवायचं माझं मी बघते."

"भाऊ, तुमीच सांगा. जेवायला ताट मिळतं का थेट हातावर वाढत्यात?"

राधाकृष्ण पुस्तकाआडून नुसते हसायचे. पण आत कुठेतरी त्यांना टोचायचं. ही कुणाच्या तरी अंगावरची साडी. एखाद्या दिवशी एखादी बाई रस्त्यात थांबवून म्हणाली, 'अगंबाई, ही तर माझी!' तर? सविताबाई नटून निघाल्या की ते चार पावलं मागे चालायचे. त्या समजायच्या की ह्यांचा गुडघा दुखतोय. त्यांनीही तसंच समजू दिलं होतं.

दादांचं पत्र यायच्या थोडं आधी गाठोड्यातून एक मोरपंखी रेशमी साडी निघाली होती. रुईफुली काठ, हातात घेतलं की पाण्यासारखं वाहणारं कापड. पदर मात्र जरीने गच्च भरलेला, आणि त्यावर तेलाचा हा एवढा डाग. सविताबाईंनी बराच वेळ ती नुसती मांडीवर घेऊन ठेवली. मग आतून एक कोरी कढई आणून मनकर्णाच्या पुढ्यात ठेवली.

"मागं तो पिठाचा डबा दिला, आता कढई," मनकर्णा म्हणाली. "डब्याचं झाकन लई घट हाय हां तुमच्या. खपवताना जीव गेला माझा."

"खपला ना? मग झालं."

त्यानंतर आठवडाभर घरात त्या साडीशिवाय दुसरा विषय नव्हता. सविताबाईंनी डागाचा पदर कापून काढला. त्यांच्या स्वतःच्या जुन्या इरकली लुगड्याचा लाल पदर तेवढा धड राहिला होता, तो मोरपंखी अंगाला जोडला, आणि जोड अशा ठिकाणी घेतला की निऱ्या खोचल्यावर दिसूच नये. कापलेल्या पदरातून डाग टाळून ब्लाऊज बेतलं. राधाकृष्ण दुसरं टोक धरून उभे राहायचे. 'वर धरा', 'सैल सोडा', 'पुस्तक ठिवा खाली' अशी हुकमत चालायची. राधाकृष्णांच्या पांढऱ्या शर्टाची झिजलेली कॉलर सविताबाईंनी उसवून उलटी बसवली, की झिजलेली बाजू आत आणि कोरी बाहेर. उरलेल्या मोरपंखी तुकड्याचा रुमाल करून तो वरच्या खिशात खोचला.

"हे माझ्या वयाला शोभेल का?" त्यांनी आरशासमोर विचारलं.

"कॉलर ताठ हाय, रुमाल ताठ हाय. तुमीच तेवढे वाकलेले."

तर अशा रीतीने, उत्तर न देता आणि आदल्या दिवशी न जाता, दोघं पंचाहत्तरीच्या सकाळी सावेडीच्या मंगल कार्यालयात पोचले. दारात दादांची सून आरती अत्तर लावायला उभी होती.

"काकू, किती वाट बघितली काल! आईंनी तुमच्यासाठी वरच्या खोलीत साड्या..." एवढं बोलून तिने सविताबाईंकडे नीट पाहिलं. मोरपंखी अंग, लाल पदर, अंबाड्यावर एकच शेवंतीचं फूल, गळ्यात नुसती काळी पोत. "नको," ती म्हणाली. "तुम्ही आहात तशाच राहा, काकू."

राधाकृष्णांना बरं वाटलं. पण त्यांचं बरं वाटणं फार टिकत नसे. सत्कार, भाषणं झाली आणि स्टेजवरच्या पडद्यावर दादांच्या आयुष्यातले फोटो दाखवायला सुरुवात झाली. शाळेतले दादा, धरणाच्या भिंतीवर उभे दादा, आणि मग लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचे दादा. शेजारी कलावतीवहिनी. अंगावर मोरपंखी साडी, जरीने भरलेला पदर, रुईफुली काठ.

तो काठ राधाकृष्णांनी आठवडाभर हातात धरला होता. त्याची ओळख पटायला त्यांना चष्मा पुसावा लागला नाही. पहिल्यांदा त्यांनी काय केलं, तर खिशातला रुमाल बोटाने आत दाबला.

"सविता, आपण निघू या का? गाडी चुकेल."

"गाडीला लई येळ हाय. जेवनं तरी होऊंद्या."

"तो फोटो पाहिलास?"

"बघितला की."

"मग?"

"मग काय? चांगल्या घरातलं कापड हाय हे मला हातात घेतलं तवाच कळलं हुतं. आपल्याच घरातलं निघालं."

इतकी वर्षं ज्या प्रसंगाला राधाकृष्ण घाबरत आले होते, तो इथे, सगळ्या भाऊबंदांसमोर येऊन ठेपला होता. सविताबाईंचं सुंदर दिसणं हीच त्यांच्या घराची खरी श्रीमंती होती. आता कुणीतरी एक वाक्य बोलेल आणि सगळं 'दुसऱ्याचं वापरलेलं' एवढ्या दोन शब्दांत संपेल. उठून बाहेर जावं म्हणून त्यांनी खुर्चीच्या हातावर जोर दिला, तेवढ्यात समोरून वहिनीच आल्या. बरोबर ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या सात-आठ बायका.

"सविता! अगं, आल्यापासून सगळ्याजणी विचारतायत, ती लाल पदरवाली कोण? कुठून घेतलीस गं ही?"

सविताबाईंनी तोंड उघडायच्या आत राधाकृष्ण उभे राहिले आणि सभेत क्वचितच निघणारा त्यांचा आवाज भलताच मोठा निघाला.

"येवल्याहून!"

साडी म्हटलं की त्यांना तेवढं एकच गाव ठाऊक होतं. सगळ्या बायका त्यांच्याकडे वळल्या.

"येवल्याहून?" त्यातली एक म्हणाली. "माझं माहेरच येवल्याचं. कुणाकडून घेतली हो?"

"ते... बाजारपेठेतून. कोपऱ्यावर एक दुकान आहे."

"कुठल्या कोपऱ्यावर?"

राधाकृष्णांना येवल्यातला एकही कोपरा आठवेना. ते एकदाच, तेही एका ग्रंथपालांच्या बैठकीला तिथे गेले होते. त्यांनी मान खाली घातली. सविताबाई मोकळेपणाने हसल्या.

"येवल्याची न्हाई ओ ही. ह्यांना साडीतलं काय कळतंय, पुस्तकातलं इचारा. मनकर्णा म्हून आमच्याकडची बोहारीन हाय, तिच्या गाठोड्यातली हाय."

"म्हणजे वापरलेली?" येवलेकरीण म्हणाली.

"व्हय, वापरलेली. आता मी वापरते."

कलावतीवहिनी वाकल्या. त्यांनी काठ चिमटीत धरला, उलटा करून पाहिला, मग पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर आता भलताच कुठला तरी फोटो होता. राधाकृष्णांनी डोळे मिटून घेतले.

"ही माझी आहे," वहिनी हळूच म्हणाल्या.

"तुमचीच हाय, ताई," सविताबाई म्हणाल्या. "मला बी मघाशी फोटोत बघूनच कळलं."

वहिनींचा चेहरा उतरला. घरच्या कार्यात, सगळ्यांदेखत, नवऱ्याने लग्नाच्या वाढदिवसाला घेतलेली साडी त्यांनी बोहारणीला दिल्याचं उघड झालं होतं. पण त्या खोटं बोलल्या नाहीत, हे राधाकृष्णांनी पुढेही लक्षात ठेवलं.

"लोणच्याचं तेल सांडलं गं पदरावर. निघेना. किती दिवस कपाटात ठेवली आणि शेवटी दिली एका डब्यावर. तोही मेला फसवा निघाला. त्याचं झाकण..."

"हानून बसवावं लागतं?" सविताबाईंनी विचारलं.

"हो! तुला कसं माहीत?"

"आन् काढताना चमचा घालावा लागतो?"

"अगं हो, रोज!"

"मग तो डबा माझा हाय, ताई!"

आधी वहिनींना कळलं नाही. मग कळलं, आणि त्या अशा काही हसल्या की त्यांना सविताबाईंच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. पाठोपाठ सगळ्या बायका हसल्या. येवलेकरणीने तर डोळ्याला पदर लावला. मग काय, सविताबाईंच्या भोवती गराडाच पडला. जोड कुठे घेतलाय? निऱ्यांच्या आत. रंग उतरत नाही का? इरकलीचा पदर आधी मिठाच्या पाण्यात भिजवला. आणि हे ब्लाऊज? ते डागाच्या अलीकडचं.

"माझ्या अंगावर ही अशी कधी दिसली नाही गं," वहिनी म्हणाल्या.

"पदर लई जड हुता, ताई. तुमी नेसलात की नुसता पदरच दिसायचा. साडी बिचारी मागं ऱ्हायची."

थोडं लांब उभे राहून राधाकृष्ण हे पाहत होते. ज्या गोष्टीची त्यांनी धास्ती घेतली होती ती सगळ्यांसमोर घडून गेली होती, आणि त्यांची बायको त्या घोळक्यात मघापेक्षाही उंच दिसत होती. आपण इतकी वर्षं चार पावलं मागे कशाला चाललो, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी खिशात बोट घालून दाबलेला रुमाल वर ओढला आणि त्याचं टोक नीट दिसेलसं केलं. तेवढ्यात दादा जवळ आले.

"काय रे राधाकृष्णा, तुझ्याही खिशात तेच कापड?"

"हो, दादा," ते म्हणाले. "सविताने केलंय."

स्टेशनला जाताना राधाकृष्ण बायकोच्या बरोबरीने चालले.

"गुडघा बरा हाय वाटतं आज?" सविताबाई म्हणाल्या.

"बरा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंतर्देशीय पत्र समोर घेतलं आणि एका बैठकीत लिहून काढलं.

'ती. आसारामदादांस सा. नमस्कार. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. कार्यक्रम होऊन गेल्यावर येतो म्हणून कळवण्यात अर्थ नाही, तेवढं सोडून बाकीचं लिहितो. वहिनींनी सवितासाठी काढून ठेवलेल्या साड्या अजून तशाच असतील तर त्या मनकर्णाबाईंना द्याव्यात. बदल्यात भांडं अवश्य घ्यावं, आणि झाकण लावून बघूनच घ्यावं. साड्या आमच्याकडे रीतसर येतील. सविता साड्या अशाच घेते. तिच्याइतकं देखणं नेसणारी बाई मी पाहिलेली नाही.'

शेवटच्या वाक्यावर त्यांची लेखणी अडली. जास्त झालं का? म्हाताऱ्या माणसाने भावाला असं लिहावं का? त्यांनी ते सविताबाईंना वाचून दाखवलं.

"एवढं कशाला लिवायचं?" त्या म्हणाल्या, आणि शिलाई मशीनवर वाकून सुईत दोरा ओवू लागल्या. खोडा असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

राधाकृष्णांनी पत्राच्या कडा डिंकाने चिकटवल्या, चपला घातल्या आणि पोस्टापर्यंत चालत जाऊन ते पेटीत टाकलं.