डावखुरी तुरपाई

सगळी पेठ रस्त्यावरच्या उत्सवात ढोल ऐकायला आली होती. शिंपीकाका मात्र बायकोची चोरी पकडायला आले होते. महिनाभर काकू रोज दुपारी "ताईकडे जाऊन येते" म्हणून भलीमोठी पिशवी घेऊन निघायच्या आणि परतायच्या ते बोटांना सुईची भोकं पाडून. बहिणीशी गप्पा मारताना सुया टोचतात होय? काका काय कुक्कुलं बाळ होते! कोपऱ्यावरच्या नव्या शिंप्यानं बँडवाल्यांचे डगले शिवायला घेतले होते; त्याचीच तुरपाई ही चोरून करत असणार. तीस वर्षांचा संसार, आणि घरचाच भेदी निघावा! काकांचा जीव नुसता जळत होता.

पुरावा मात्र सोपा. काकू डावखुऱ्या. त्यांच्या तुरपाईचे टाके उलटे कलतात, काकांच्या बोटांना अंधारातही कळतात.

"उसवलंय वाटतं इथं," म्हणत काकांनी एका बँडवाल्याच्या डगल्याची कड चाचपली. सरळ टाके. दुसऱ्याची चाचपली, तिसऱ्याची चाचपली. तेही सरळच.

"अहो काका, गुदगुल्या होतात!" ढोलवाला ओरडला.

तेवढ्यात नाचणाऱ्या मुली आल्या. त्यांचे बावीस झगे काकांनी शिवलेले, तुरपाईसकट.

"जादू आहे हो तुमच्या हातात," एकीची आई म्हणाली. "एवढ्या गिरक्या घेतल्या, पण एक टाका सुटला नाही."

काकांची छाती फुगली. सवयीनं त्यांनी त्या मुलीच्या झग्याची कड बोटांत धरली. टाके उलटे कलले होते.

वळून बघतात तर मागे काकू उभ्या.

"झगे माझे," काका म्हणाले, "मग टाके तुझे कसे?"

"तुमची सुई हल्ली कापड सोडून भलतीकडेच जाते हो. चष्म्याचं नाव काढलं की अंगावर येता. मग मी उसवते आणि पुन्हा घालते."

"महिनाभर?"

"दोन वर्षं. एरवी घरीच उरकायचे. बावीस झगे कुठे लपवू? म्हणून ताईकडे."

दोन वर्षं! गिऱ्हाइकांची वाहवा काका रोज मिशीला पीळ देत हिलाच ऐकवत होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी काकूंचा डावा हात हातात घेतला. बोटं खरखरीत लागली.

"उद्यापासून ताईकडे जायचं नाही," ते दरडावून म्हणाले. साध्या आवाजात बोलले असते तर रडलेच असते. "दुकानात बसायचं. खिडकीपाशी, माझ्या खुर्चीवर."