योहानाबाईंचं घराणं

कसौलीहून ट्रकमधून पियानो आला, तेव्हा डोंगरपायथ्याच्या त्या नव्या, हिंदी-पंजाबी बोलणाऱ्या शहरात सेक्टर तेवीसमधली शेजारपाजारची माणसं अंगणात येऊन उभी राहिली. दिगंबर उपळेकर पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर. डोंगरावरच्या कामाला गेले असताना मायदेशी निघालेल्या एका इंग्रज म्हातारीकडे तो त्यांना दिसला, आणि बायकोला न विचारताच त्यांनी तो घेऊन टाकला. मजुरांबरोबर स्वतः खांदा देऊन त्यांनी तो आत आणला आणि घाम पुसत म्हणाले, "तुझ्या वडिलांना शब्द दिला होता, हिची बोटं गंजू देणार नाही म्हणून."

बायको शशिकला पुण्याची. कॅम्पातल्या अ‍ॅग्नेसबाईंकडे ती लहानपणापासून पियानो शिकली होती. अ‍ॅग्नेसबाईंच्या गुरू जर्मनीत योहाना लिंडनर नावाच्या बाईंकडे शिकलेल्या. त्यामुळे शशिकला थट्टेनं म्हणायची, "आमचं योहानाबाईंचं घराणं." पुढे तिच्याकडे मुली शिकायला येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी ती त्यांना योहानाबाईंची गोष्ट सांगायची.

योहानाबाई शंभर वर्षांपूर्वीच्या. आठव्या वर्षी दरबारात वाजवलं, विशीत स्वतःच्या रचना छापल्या. मग नवऱ्याचं डोकं फिरलं. डॉक्टरांनी त्याला दूरच्या इस्पितळात ठेवलं आणि बायकोनं भेटू नये असं बजावलं. पदरात चार पोरं. बाई गावोगाव कार्यक्रम करत हिंडल्या, नंतर म्हातारपणापर्यंत मुली शिकवल्या. नवीन रचना मात्र पुन्हा एकही केली नाही.

"क्यों आंटी?" एखादी मुलगी विचारायचीच.

"ते मलाही कुणी सांगितलं नाही," शशिकला म्हणायची. "चल, हात ठेव."

तिची स्वतःची मुलगी लीना त्या मुलींमध्येच बसून शिकली. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची मात्र हिंदी. दिगंबर ऑफिसातून आले की बूट न काढताच दारात उभे राहून लेकीचं वाजवणं ऐकायचे.

चौऱ्याहत्तर साली जलवाहिनीसाठी खणलेल्या चराची कडा ढासळली आणि दोन मजूर गाडले गेले. दिगंबर तिथेच होते. हातांनी माती उपसत राहिले, पण दोघांनाही जिवंत काढता आलं नाही. चौकशी झाली, त्यांचा दोष नाही असं ठरलं. ठरल्यानं काय होतं? माणूस जेवणावरून उठायचा, नळ ठिबकला तरी दचकायचा.

एका दुपारी लीना वाजवत होती. दिगंबर आतून धावत आले आणि त्यांनी झाकण धाडकन लोटलं. लीनानं बोटं कशीबशी काढून घेतली. "बंद कर," ते ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ते लेकीवर ओरडले होते.

शशिकलेनं त्यांना धरून खाटेवर बसवलं. ते म्हणाले, "शशी, ते खालचे सूर आहेत ना, खर्जातले... त्यातून माती पडते गं."

पियानो घरात ठेवणं शक्यच नव्हतं. सेक्टर पंधरातल्या हरबन्स कौर, म्हणजे तिच्या एका शिष्येच्या आजी, म्हणाल्या, "बेटा, मेरे घर रख दे." पियानो बाहेर निघाला तेव्हा दिगंबर व्हरांड्यात उभे होते. लहान मुलासारखे हमसून रडले. तेव्हापासून शशिकला शिकवण्या हरबन्स कौरकडे करू लागली. लीनानं तिथे यायला साफ नकार दिला. "मुझे नहीं बजाना," एवढंच म्हणाली.

पुढे दिगंबर अन्नपाण्यालाही शिवेनात, तेव्हा त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टर विश्वास सातघरे मराठीच होते. ते चाचरत म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. तुम्हाला पाहिलं की ते फार अस्वस्थ होतात. तुमचे हात पाहतात आणि कान झाकून घेतात. काही आठवडे तुम्ही न आलेलंच बरं."

शशिकला हो म्हणाली. बाहेर आली आणि इस्पितळाच्या पायरीवर बसली. योहानाबाईंची गोष्ट तिनं किती मुलींना सांगितली असेल. त्यातलं 'भेटू नये' हे वाक्य ती प्रत्येक वेळी सहज बोलून पुढे गेली होती.

आठवड्यांचे महिने झाले. ती रोज डबा द्यायची, खालूनच परत फिरायची आणि शिकवायला जायची. मराठी मंडळात कुजबुज होतीच. सुनंदा गोखले तोंडावर म्हणाली, "नवरा तिकडे असा, आणि तुला बाई पियानो सुचतो."

"सुचत नाही," शशिकला म्हणाली. "मुली येतात. त्यांना परत पाठवून मी घरी काय करू, ते तू सांग."



हिवाळ्यात टागोर थिएटरमध्ये मुलींचा कार्यक्रम ठरला. कार्यक्रमाच्या दिवशीच सकाळी डॉक्टरांचा निरोप आला: न्यूमोनिया झालाय, या. दिगंबर उशीला टेकून बसले होते. त्यांनी कान झाकले नाहीत. तिचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट चाचपत राहिले.

"गार पडलीत," ते म्हणाले. "वाजवत नाहीस का?"

"शिकवते."

"लीना?"

तिला खोटं बोलवेना. "ती नाही वाजवत."

त्यांनी डोळे मिटले. ती थिएटरला गेली नाही. मुलींनी तिच्यावाचून वाजवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या हातातला हात सैल झाला.

सरकारी घर सोडावं लागलं. हरबन्स कौरनी मागची खोली दिली. पियानो आता एका भिंतीपलीकडे होता, तरी शशिकला स्वतः कधी वाजवायची नाही. डाव्या हाताचे, खर्जातले सूर लावले की तिलाही ढेकळं कोसळताना ऐकू यायची. मुलींच्या हातून मात्र तेच सूर नुसते सूर वाटायचे.

एक्क्याऐंशी साली लीनाला दिल्लीत नोकरी लागली. निघायच्या दिवशी ती बॅग भरता भरता थांबली आणि अडखळत, शब्द शोधत मराठीत म्हणाली, "आई, बाबांना... माझा राग होता का? मी वाजवलं म्हणून ते आजारी झाले का?"

शशिकलेच्या हातातली कपड्याची घडी तशीच राहिली. पोरीनं हे इतकी वर्षं उरात बाळगलं होतं, आणि आपण जगाच्या मुली शिकवत राहिलो.

"नाही गं," ती म्हणाली. "ते आधीच आजारी होते. शेवटीसुद्धा त्यांनी तुझंच विचारलं. तू वाजवतेस का म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"खरं तेच."

लीना तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. शशिकला तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. दिल्लीची बस चुकली. दुसरी संध्याकाळी होती. पलीकडच्या खोलीत एक नवी मुलगी येऊन बसली होती आणि वाट पाहून एकटीच एकेक पट्टी दाबून बघत होती. शशिकला उठली नाही.