एका चेहऱ्याची दोन नाकं

बाबा आणि काका जुळे, आणि तेही अगदी हुबेहूब. दोघांचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक एकाकडे फ्रेम पसंत करायचं आणि चार दिवसांनी दुसऱ्यालाच विचारायचं, "झाला का माझा चष्मा?" दोघंही तितक्याच शांतपणे सांगायचे, "संध्याकाळी या."

त्यामुळे फ्लूची साथ आली आणि दोघं एकाच दिवशी तापाने पडले, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. वय पाहून डॉक्टरांनी दोघांनाही एक रात्र देखरेखीखाली ठेवलं. बाबांची मुलगी प्रयोगशाळेत याच विषयावर काम करत होती. एकच विषाणू एकाला नुसता शिंकायला लावतो आणि दुसऱ्याला खाटेला खिळवतो, असं का होतं? दवाखान्यातल्या रुग्णांच्या नाकातले नमुने घेऊन तिचा गट नेमकं हेच शोधत होता. आता घरातच एका साच्यातली दोन माणसं आजारी! तिला काळजीही वाटत होती आणि हात शिवशिवतही होते.

"घरचे नमुने अभ्यासात धरायचे नाहीत," प्रयोगशाळेच्या सरांनी बजावलं. "पण त्यांची हरकत नसेल तर बघायला माझी ना नाही."

हरकत कसली? आधी कुणाच्या नाकात काडी घालायची, यावरून दोघं भांडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मशीनपुढे बसली. विषाणू दोघांच्या नाकात जवळपास सारख्याच प्रमाणात होता. मग धोक्याची हाक देणाऱ्या जनुकांचे आलेख उमटू लागले. विषाणू शिरला की ही जनुकं जागी होतात, पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडते आणि शेजारपाजारच्या पेशी सावध होतात. बाबांची रेघ सरसर वर चढली. काकांची मात्र जमिनीला चिकटून बसली.

तिने डोळे चोळले. नमुन्यांची अदलाबदल झाली की काय? तिने सगळं नव्याने लावलं, या वेळी सहकारी मैत्रिणीच्या हातून. पुन्हा तेच! जनुकं तीच, अगदी अक्षर न् अक्षर तीच. फक्त एका नाकात ती बोंब मारत होती आणि दुसऱ्यात झोपली होती.

"सर!" ती एवढ्या जोरात ओरडली की मैत्रिणीच्या हातातली नळी पडता पडता राहिली.

सरांनी आलेख पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "दोन माणसं म्हणजे पुरावा नव्हे," ते म्हणाले. पण आवाज त्यांचाही चढला होता. "हाक उशिरा गेली तर विषाणू आधी पसरतो, आणि मग शरीर जो धुमाकूळ घालतं त्यात फुप्फुसं होरपळतात. आपला अंदाज तोच आहे. काका कुठे आहेत?"

"आज दुपारी घरी सोडणार आहेत!"

तिने एप्रनसुद्धा काढला नाही, तशीच धावली. वॉर्डात बाबा शिंकांची माळ लावून बसले होते आणि काका बूट घालून, केस विंचरून तयार.

"मला काय धाड भरलीय?" काका म्हणाले. "आजारी हा दिसतोय, याला ठेवा."

डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "तुमचा आलेख अजून प्रयोगातला आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर मी कुणाला अडकवून ठेवू शकत नाही. पण चालवून बघायला काय जातंय? चला काका, एक फेरी मारू."

काकांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. व्हरांड्याच्या टोकापर्यंत ते ऐटीत गेले. परत येताना चिमट्यावरचा आकडा घसरू लागला. आणखी घसरला. काकांना पत्ताही नव्हता. ते आपले नर्सला काचा कशा पुसाव्यात ते सांगत होते.

"बूट काढा," डॉक्टर म्हणाल्या.

त्या रात्री काकांना धाप लागली, पण ऑक्सिजन उशाशीच होता आणि औषधं आधीच सुरू झाली होती. तीन-चार दिवस घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. मग काका उठून बसले आणि वॉर्डातल्या खिडक्या किती मळल्यात यावर बोलू लागले, तेव्हा बाबांनी सगळ्यांसमोर ढसाढसा रडून घेतलं.

"पण मलाच का नाही झालं काही?" बाबांनी विचारलं. "एकाच ताटात जेवतो आम्ही!"

"कुठलं एकाच ताटात?" काका मास्कआडून म्हणाले. "तापाच्या आदल्या आठवड्यात तुला सर्दी होती म्हणून मी तुला दुकानात पाय ठेवू दिला नव्हता, आणि दिवसभर हात धूत होतो!"

मुलगी ताडकन उभी राहिली. "कसली सर्दी?"

"साधी गं. नाक गळत होतं, बस."

"बाबा, त्या सर्दीनेच तुमची जनुकं जागी ठेवली असतील! फ्लू आला तेव्हा तुमच्या नाकात आधीच पहारा होता!"

"म्हणजे मी हात धुतले ते चुकलं?" काका कळवळले.

"अजिबात नाही! धूत राहा. प्रत्येक सर्दी अशी कामाला येतेच असं नाही. आणि हाही अजून अंदाजच आहे."

पुढच्या महिन्यात अभ्यासातल्या नमुन्यांचे सांकेतिक क्रमांक उघडले; कुठला नमुना कुठल्या रुग्णाचा ते आता कळणार होतं. सर रुग्णाचं काय झालं ते वाचत होते आणि ती आलेख सांगत होती. "गंभीर." "रेघ सपाट!" "सौम्य." "वर!" एकामागून एक जुळत गेलं. मैत्रीण टेबलावर हात आपटू लागली, शेजारच्या खोलीतले लोक दारात जमले.

"सौम्य," सर म्हणाले.

ती थबकली. "सपाट आहे. सपाट असूनही सौम्य?"

तिने क्रमांक पुन्हा ताडून पाहिला. मग तिच्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं की सरही खुर्चीतून उठले.

"हा कोण आहे?" ती म्हणाली. "याला कुणी वाचवलं? सर, हा नमुना मला द्या. आत्ता!"