हजेरीचं वॉरंट

शाळेत तिला सगळे 'वॉरंट' म्हणत. गैरहजर पोराच्या दारात ती उभी राहिली की ते पोर निघालंच पाहिजे, असा दरारा. इयत्ता चौथी. गुरुजी एकटे आणि वर्ग चार. पोरं आणायला ते स्वतः गेले, तर बसलेली पळून जात. म्हणून त्यांनी सर्वांत हुशार मुलगी या कामावर नेमली. हुशार मुलीचा अभ्यास बुडला तरी बिघडत नाही, हा त्यामागचा विचार.

"पण गुरुजी, आज भागाकार सुरू होणार ना?"

"भागाकार कुठे पळून जातोय? पळतायत ती पोरं. वर्ग भरला की तुला वेगळा शिकवतो."

भागाकारासाठी तिचा जीव नुसता वरखाली होत होता. तेव्हा वर्ग लवकर भरणं आलं.

पहिलं दार शिंपीणकाकूंचं. थोरली लेक धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती.

"हिला पाठवू कशी?" काकू मशीन चालवतच म्हणाल्या. "हा खाली ठेवला की चाकात बोट घालतो. तू धरतेस का?"

"धरते," वॉरंट म्हणाली. "दुपारपर्यंत."

थोरली शाळेत गेली. दुपारी काकूंनी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "उद्या जरा लवकर ये, बाई."

ही युक्ती फारच चांगली निघाली. शेजारच्या पोराला त्याच्या शेळ्या सोडत नव्हत्या. त्या तिने काकूंच्या अंगणात बांधून घेतल्या. पलीकडच्या दोघी बहिणी आंधळ्या आजीपाशी बसत. आजीलाही काकूंच्या ओसरीवर आणून बसवलं. वर्ग भरत चालला. वॉरंटच्या आईनेही हरकत घेतली नाही. पोरीचं एक वेळचं जेवण बाहेर होत होतं.

मग साहेब तपासणीला आले. भरलेला वर्ग बघून खूष झाले. त्याच दिवशी शिंपीणकाकूंची थोरली पाटी घेऊन धापा टाकत घरी आली.

"चल, गुरुजींनी बोलावलंय! तुझी एकटीचीच गैरहजेरी आहे."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, ही मुलगी शाळा का सोडून बसली? गुरुजी म्हणाले, डोकं आहे, पण आवड नाही. सारखी बाहेर."

वॉरंटने बाळाच्या मुठीतून शेळीचा कान सोडवला.

"भागाकार झाला?"

"कधीच! आता अपूर्णांक चालू आहेत." थोरलीने अपूर्णांकांनी भरलेली पाटी ओसरीवर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. "दे त्याला. मी धरते, तू जा."

मशीन थांबलं. "ती धरेल की," आतून काकू म्हणाल्या. "तिचाच भाऊ आहे."

बाळ झेप घेऊन बहिणीकडे निघालंच होतं. वॉरंटने त्याला मागे ओढून घट्ट धरलं.

"अजिबात नाही. एकदा घेतलंस की सुटायची नाहीस. पळ!"

"मग गुरुजींना काय सांगू?"

"सांग, ते म्हणाले तेच खरं. आवड नाही." तिने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. "आणि पाटी इथेच राहू दे. पुसू नकोस."