भिंतीकडची पट्टी

काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा गवतात उभा खोचून केतकी उकिडवी बसली. पायजम्याचे पाय मोज्यांत कोंबलेले, हातात भिंग.

"काय शास्त्रज्ञबाई, लागलं का कोणी गळाला?" व्हरांड्यातून अनुरागने विचारलं.

"इथे एकही नाही, दादा."

"रविवारी ठेकेदार येतोय. सगळं सिमेंट करून टाकू, किडे आपोआप संपतील. दिवाळीला गाडी आली की ती काय रस्त्यावर उभी करू?"

नोएडातल्या त्या गल्लीत एकेक अंगण सिमेंटखाली गेलं होतं. हिरवळ उरली होती ती यांच्याच दारात. आईने लावलेली, तिला जाऊन चार वर्षं झाली होती. केतकीला ती घालवायची नव्हती, पण बाबांच्या घोट्यांवरचे लाल फोड पाहिले की तिचं तोंड बंद व्हायचं. कृषी भवनातून निवृत्त झालेले श्रीरंगराव स्वतः मात्र पाय खाजवत एवढंच म्हणायचे, "राहू द्या रे हिरवळ. मला काही त्रास नाही."

केतकी प्राणिशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झाली होती. फोड पाहून तिने ओळखलं होतं, हे चावरे माइट, कोळ्यांच्या नात्यातले, टाचणीच्या टोकाहून बारीक. त्यांना सावली, ओल आणि उंच गवत लागतं. कापलेल्या, उन्हातल्या हिरवळीत ते यावेत कशाला? उभ्या पुठ्ठ्यावर ते चढतात आणि काळ्यावर लगेच दिसतात. तिने पुठ्ठा फाटकापाशी लावून पाहिला, मधोमध, तुळशीजवळ. काही नाही.

मग शेजारच्या भिंतीलगत. तिथे गवत कापायचं मशीन पोचत नसे. गवत गुडघ्याएवढं, वर भिंतीवर मधुमालती पसरलेली. पुठ्ठ्याच्या कडेवर नारिंगी ठिपके सरसर चढू लागले. भिंगाखाली प्रत्येकाला सहा पाय. म्हणजे पिल्लंच, आणि चावतात ती पिल्लंच.

"सापडले!"

पण बाबा या कोपऱ्यात येतात कशाला? पेपर ते व्हरांड्यात वाचतात, फिरायला फाटकातून जातात. तिने खाली पाहिलं. एवढ्या उंच गवतात पाऊलभर जागा तुडवून सपाट झाली होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून कुमुदजींचं डोकं वर आलं. शाळेतून निवृत्त झालेल्या हिंदीच्या बाई, घरात एकट्याच.

"क्या मिला, बेटी?"

"कीड़े, आंटी. काटने वाले."

"अच्छा! तो यही हैं वो बदमाश!" त्यांनी बाह्या वर सरकवल्या. "देखो, क्या हाल किया है."

दोन्ही कोपरांवर तसेच लाल फोड.

"और पैरों में?"

"ना, पैर बिल्कुल ठीक."

केतकीने उठून भिंतीवरून पलीकडे पाहिलं. कुमुदजींचं अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंटचं, गवताची काडी नाही. भिंतीच्या माथ्यावर मधुमालती एका जागी दबून चपटी झाली होती.

"कैलामाइन लगाइए, आंटी," ती म्हणाली. हसू लपवायला तिने पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.

अनुराग चपला घालून जवळ आला. "मग?"

"हिरवळीत काही नाही. ही पट्टी कापली, ऊन लागलं की झालं. ठेकेदाराला नको म्हणून सांग."

"आणि गाडी?"

"फाटकापाशी दोन चाकांपुरत्या फरश्या टाक."

"तू ना, यार..." त्याने मान हलवली. "बरं, सांगतो त्याला. पण बाबा इथे करतात काय?"

"पेपर उडून येतो त्यांचा," केतकी म्हणाली.

संध्याकाळी तिने विळ्याने गवत मुळापर्यंत कापलं. वेल मात्र सगळी छाटली नाही. चार कोपरं टेकतील एवढाच भिंतीचा माथा मोकळा केला. श्रीरंगराव चहाचा कप घेऊन मागे उभे होते.

"एवढीच छाटलीस?"

"एवढी पुरे. आणि थोडे दिवस मोजे घालून उभे राहत जा, बाबा."

कुठे, ते त्यांनी विचारलं नाही. चहा मात्र भलताच सावकाश संपवला आणि आत गेले. थोड्या वेळाने हाक आली.

"केतकी, माझे ते नवे मोजे कुठे आहेत गं?"