वर्नाची गिरकी

डोंगरापलीकडच्या त्या लहानशा गावात हिवाळाभर रविवारी दुपारी नाच असायचा. गावसभागृहाची भट्टी सकाळीच पेटवून ठेवायची, बाकं भिंतीला सरकवायची, आणि जेवणं आटोपली की मंडळी बुटांचा बर्फ झटकत आत यायची. एक व्हायोलिन, एक पियानो आणि नाच पुकारायला, म्हणजे पुढची चाल ओरडून सांगायला, म्हातारा एमोरी. एवढ्यावर गावाचा हिवाळा निघून जायचा.

थर्लो बहिणी एकही रविवार चुकवत नसत. थोरली इडेला शाळेची बस चालवायची. घाटातल्या बर्फावरून इतकी वर्षं मुलं नेली आणली, पण बस कधी घसरली म्हणून नाही. धाकटी वर्ना घरीच कपडे, पडदे शिवायची. इडेलाने लग्न केलं नव्हतं. वर्नाचं झालं होतं, पण नवरा पश्चिमेकडे कामाला म्हणून गेला तो गेलाच. तेव्हापासून दोघी आईबापांच्या घरात एकत्र राहत होत्या.

इडेला नाचायची ते पुकारल्याबरहुकूम. वर्नाचं तसं नव्हतं. सुरावटीत जरा कुठे फट सापडली की ती तिथे गिरकी घालायची. हातांची साखळी धरून पलीकडे जाताना, जोडीदाराच्या हातात परत येताना, जोडीने गरगर फिरून थांबायच्या बेतात असताना. पण ठेका कधी चुकवायची नाही. पुढचं पाऊल पडायच्या आत ती आपल्या जागी हजर, आणि घागरा मात्र अजून मागून येतोय.

"नाच पुरेसा नाही का गं? वरून ही झालर कशाला?" इडेला म्हणायची.

"पडद्याला झालर नको म्हणणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय," वर्ना हसायची.

पानगळ सुरू झाली तेव्हा वर्नाचा दंड दुखायला लागला. शिवणामुळे असेल म्हणून तिने तेल चोळलं, शेकलं. मग शहरातल्या इस्पितळात फोटो काढले. छातीतला जुना कर्करोग, जो गेला असं सगळे धरून चालले होते, तो हाडात उतरला होता. डॉक्टर तरुण होता, त्याला नीट सांगता येईना. दंडाचं हाड आतून पोखरलंय, म्हणाला. जड उचलायचं नाही, ओढाताण नको, पीळ तर अजिबात बसता कामा नये.

परतताना गाडी इडेला चालवत होती.

"नाचू नको असं काही तो म्हणाला नाही," वर्ना म्हणाली.

"वर्ना!"

"ओढाताण नको म्हणाला. नाच म्हणजे ओढाताण असते का? तुझा असेल."

इडेला जन्मात कधी गिरकी घ्यायच्या भानगडीत पडली नव्हती. ती आता गिरकी द्यायला शिकली. स्वयंपाकघरातलं टेबल बाजूला सारून दोघी संध्याकाळी उभ्या राहायच्या. हात बाजूला ओढायचा नाही, पाठीमागे तर नेऊच द्यायचा नाही. सरळ वर न्यायचा, तिच्या कपाळाच्या जरा पुढे, आणि तिथे नुसता धरायचा. मूठ आवळायची नाही. दोन बोटं खाली सोडायची, तिने ती हलकी पकडायची आणि तिचं तिनेच फिरायचं.

"तू मला फिरवू नकोस," वर्ना सांगायची. "मी फिरते. तू फक्त छप्पर हो. आणि हात वर केलास तरी मी खालीच ठेवला, तर मुकाट्याने खाली घे. रुसायचं नाही."

मग एका संध्याकाळी ते जमलं. बहीण तिच्या हाताखाली फिरली आणि हाताला काही म्हणजे काही जाणवलं नाही, चिमणी उडून गेल्यासारखं. "अगं, हे चांगलंय की!" ती म्हणाली, आणि वर्ना इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं.

पण स्वयंपाकघर वेगळं आणि सभागृह वेगळं. या नाचात दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या राहतात, आणि दर फेरीला प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकते. जोडीदार आपला असला तरी नाच संपेपर्यंत सगळ्या रांगेचे हात आपल्या हातातून जातात. इडेलाने स्वतःचा हात कितीही सांभाळला, बाकीच्यांचं काय? आणि वर्ना म्हणजे गिरकी, हे सगळ्या गावाला पाठ होतं.

म्हणून मुलांना शाळेत सोडून झाल्यावर इडेला दारोदार गेली. सगळ्यांना एकच सांगितलं, तिला फिरवू नका, हात ओढू नका, आणि मी येऊन गेले हे तिला कळू देऊ नका. शेवटी आर्मां लाव्हाकडे गेली. आर्मां दगडी भिंती रचायचा. हाताचे पंजे फावड्यासारखे, पण नाचताना असा हलका की बायका त्याच्यासाठी थांबायच्या. वर्नाला गावात त्याच्यासारखं कुणी फिरवत नसे.

"तुलाच मुद्दाम सांगते," इडेला म्हणाली.

"कळलं मला," आर्मां म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते पाहून इडेला घाईने निघाली.

लोक शब्दाला जागले, जरा जास्तच जागले. वर्ना समोर आली की बोटं सैल पडायची, चेहऱ्यावर इस्पितळातलं हसू यायचं. कुणी तिचा हात अंडं धरल्यासारखा धरायचा, कुणी धरायचाच नाही. वर्नाने हात वर केला तरी समोरचा न पाहिल्यासारखं करायचा. असे काही रविवार गेले. मग एकदा सरबताच्या सुट्टीत म्हातारा एमोरी तिच्या शेजारी येऊन बसला आणि मायेने बोलून गेला, "घाबरू नकोस पोरी. इडेलाने सगळ्यांना बजावून ठेवलंय. तुला धक्का लागायचा नाही."

वर्नाने डोनट तसाच बशीत ठेवला. गाडीत बसल्यावर ती बोलली.

"सगळ्या गावाला सांगितलंस?"

"मग काय करणार होते मी?"

"मला विचारायचंस! हाड माझं आहे. मी जिवंत असताना मयताला आल्यासारखे बघतात सगळे माझ्याकडे. तिथे तासभर तरी मी आजारी नव्हते गं, तेवढंही काढून घेतलंस."

"हात मोडला असता म्हणजे?"

"मोडला असता," वर्ना म्हणाली, आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या रविवारी वर्ना सरळ आर्मांसमोर जाऊन उभी राहिली. "चल," म्हणाली. इडेला एमोरीच्या पुतण्याबरोबर रांगेच्या दुसऱ्या टोकाला होती. व्हायोलिन रंगात आलं होतं, बऱ्याच दिवसांनी वर्नाचे गाल लाल दिसत होते. इडेलाला बरं वाटलं. तेवढ्यात रांगेच्या त्या टोकाला एक हात उंच गेला, वर्नाचा घागरा पूर्ण फुलला, आणखी एकदा फुलला, आणि लाकूड मोडावं तसा आवाज झाला. संगीतातून तो कुणाला ऐकू आला असेल नसेल, इडेलाला आला.

वर्ना ओरडली नाही. आर्मांने तिला खाली पडू दिलं नाही, तिच्याबरोबर तोही गुडघ्यावर बसला. संगीत थांबलं. इडेला रांग मोडून धावत आली.

"सांगितलं होतं तुला! तुझ्या दाराशी येऊन सांगितलं होतं! रेड्या, तुझ्या हातात दगडच शोभतात!"

आर्मां काही बोलला नाही. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. वर्ना काहीतरी सांगू पाहत होती, पण दात इतके वाजत होते की शब्द फुटेना.

हाड सांधलं नाही. तशा हाडाला सांधायची ताकद नसते, डॉक्टर म्हणाला. दंड छातीशी बांधलेला राहिला, शिवणयंत्रावर चादर पडली. आजार मग कशाचीच वाट बघेना. आर्मां अधूनमधून यायचा, अंगणातली लाकडं फोडून ओसरीवर रचून ठेवायचा. इडेला दार उघडत नसे. एकदा त्याने खिडकीकडे बघून टोपी काढली, तर तिने पडदा ओढला.

"कोण होतं?" वर्नाने आतून विचारलं.

"कुणी नाही."

"कुऱ्हाडीचा आवाज येतोय मला." मग जरा थांबून ती म्हणाली, "इडी, इथे बस. मी मागितली होती."

"काय?"

"गिरकी. तो नको म्हणाला. पुढच्या फेरीला परत मागितली, परत नको म्हणाला. मग मी म्हटलं, आर्मां, मला हे शेवटचं कोण देणार? तेव्हा त्याने हात वर केला. त्याने ओढलं नाही. मीच जोरात फिरले. दोनदा."

इडेलाने तिचं पांघरूण सारखं केलं. मग ती म्हणाली, "मी देत होते की. माझी चालत नव्हती का?"

"तुझी सुंदर होती," वर्ना म्हणाली. "पण तू माझ्याकडे कधी बघितलंच नाहीस गं. माझ्या दंडाकडे बघायचीस. तो माझ्याकडे बघत होता."

इडेला उठली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. परत आली तेव्हा वर्ना झोपली होती. झोपेतही तिच्या कपाळावर वेदनेची आठी होती. इडेला पलंगाशी बसून राहिली. आता मात्र ती दंडाकडे नाही, बहिणीच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडावर आईचं नाक होतं, हे तिला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं.

बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला होता, मेपलच्या झाडांना रस गोळा करायच्या बादल्या टांगलेल्या होत्या, तेव्हा वर्ना गेली. जमीन आतून अजून गोठलेली होती, दफनाला थांबावं लागलं. आर्मां चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि सगळ्यांच्या आधी निघून गेला.

दफन झाल्यावर काही दिवसांनी इडेला त्याला शोधत गेली. तो टेकडीवरच्या कुरणाला भिंत घालत होता. तिला बघून तो हातातला दगड धरूनच उभा राहिला.

"तिने मला सांगितलं," इडेला म्हणाली. "तू का नाही बोललास? मी तुला सगळ्यांसमोर काय काय बोलले."

"काय बोलणार? तिने मागितली म्हणून सांगायचं? ती तिथे वेदनेने तळमळत होती, आणि मी तिच्यावर ढकलायचं?"

"मग नंतर तरी."

आर्मांने दगड खाली ठेवला. "मागितली तिने, इडेला, पण हात माझाच होता. तू बोललीस ते काही खोटं नव्हतं. आता नाचायला जावंसं वाटत नाही. कुणाचा हात धरला की तो आवाज ऐकू येतो."

"मलाही येतो," इडेला म्हणाली.

तिला माफी मागायची होती, वाटेत तिने शब्दही जुळवले होते. पण तो तसा उभा असताना ते शब्द फार थोडे वाटले. ती भिंतीवर बसली. त्यानेही कामाला परत हात लावला नाही. तोही थोड्या अंतरावर बसला.

"ती शेवटी काही म्हणाली का?" त्याने विचारलं.

इडेलाला खोटं काही सांगता आलं असतं. "नाचाचं काही नाही," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तिला वाटायचं मी आमची आई आहे. थंडी वाजतेय म्हणायची. मी पांघरूण घालायची."

त्याने मान हलवली.

"गुरुवारी जेवायला ये," उठताना इडेला म्हणाली. "बीन्स शिजवते. मला एकटीपुरतं करायची सवय नाही, उरतं सगळं."

तो आला. मग बऱ्याच गुरुवारी आला. दोघं रस्त्यांबद्दल बोलत, दगडांबद्दल, बसच्या गिअरबद्दल. वर्नाचं नाव निघे तेव्हा एकजण उठून चुलीत लाकूड सारी. पुढच्या हिवाळ्यात सभागृहाची भट्टी पुन्हा पेटली. एमोरीने दोघांनाही निरोप धाडला. दोघंही गेली नाहीत.