कलिंगड, पुदिना आणि दोन लिंबं

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घेणार नाही. लिंबू मी चुकून पिळलं नव्हतं. आंबट नको असं मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, फोनवर, दोनदा. तरी मी पिळलं.

माझ्या मोठ्या जाऊबाई आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. शिवण शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. कुणाच्याही घरी गेल्या की आधी पडद्याची कड उलटून आतली शिवण बघणार, मग खुर्चीत बसणार. खाण्याचंही तसंच. घास आत गेला की मत बाहेर आलंच. मीठ कमी आहे, जास्त शिजलंय, हे असं जाड का चिरलंस. वीस वर्षांत माझ्या हातच्या कशाला त्या चांगलं म्हणाल्या असतील तर शपथ. आणि मीही काही गरीब गाय नाही. सासरी मला लवंगी म्हणतात. राग माझ्या नाकावर असतो, आणि एकदा आला की मुक्कामालाच येतो.

माझा हातखंडा एकाच गोष्टीत आहे, उन्हाळ्यातल्या आइसकांड्या. मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे, त्यामुळे माप, वेळ, तापमान हे माझ्या अंगात मुरलेलं. कलिंगडाचा रस काढून दोनदा गाळायचा. साखरेचा पाक कोमट असताना त्यात पुदिन्याची पानं दहा मिनिटं ठेवायची, अकरावं मिनिट झालं की कडवटपणा उतरतो. साच्यात ओतताना वर बोटभर जागा सोडायची, कारण बर्फ फुगतो. आणि काडी लगेच खोचायची नाही. तासाभराने रस जरा घट्ट झाला की खोचायची, मग ती सरळ उभी राहते. पण खरी मेख चवीत आहे. गारठ्याने जीभ सुन्न होते. म्हणून साच्यात जाणारा रस गरजेपेक्षा गोड आणि गरजेपेक्षा आंबट हवा. चाखताना एक डोळा बारीक झाला नाही, तर ती कांडी म्हणजे नुसता रंगीत बर्फ. हे मी गल्लीतल्या प्रत्येकाला इतक्या वेळा ऐकवलंय की लोक मला बघून रस्ता बदलत असतील.

दोन वर्षांपूर्वी जाऊबाईंच्या मुलीला, माझ्या पुतणीला, नोकरी लागली म्हणून त्यांच्या गच्चीवर सगळे जमलो होतो. मी चाळीस कांड्या करून नेल्या होत्या. जाऊबाईंनी एक चाखली आणि पाहुण्यांच्या देखत म्हणाल्या, रंग छान आहे, बाकी बर्फच. सगळे हसले. माझा नवरासुद्धा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उरलेल्या कांड्या डब्यात भरल्या आणि तशीच घरी आले.

त्यानंतर आठ महिने मी त्या घराची पायरी चढले नाही. निरोप नवऱ्याने इकडून तिकडे पोचवायचे. एकदा औषधांच्या दुकानात त्या समोर आल्या, तर मी खोकल्याच्या बाटल्यांकडे बघत राहिले. मला खोकला नव्हता. मग त्यांच्या गालात आतल्या बाजूला गाठ निघाली, आणि मला जावंच लागलं. दार त्यांनीच उघडलं. म्हणाल्या, ये. गच्चीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. माफी तर मी मुळीच मागितली नाही. चूक त्यांची होती ना.

ऑपरेशन झालं. मग रोज रेडिएशन सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या तोंडाची आतून सालटं निघाली. पाणी गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी यायचं. वजन भराभर उतरायला लागलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं की शुक्रवारी शुक्रवारी वजन करू, बेचाळीस किलोच्या खाली गेलं की नाकातून नळी घालावी लागेल. जाऊबाई आजाराला घाबरल्या नाहीत तेवढ्या त्या नळीला घाबरल्या. त्यांच्या आईला शेवटी अशीच नळी घातली होती, आणि ती परत काढायची वेळ आलीच नाही.

तेव्हा पुतणीचा फोन आला. म्हणाली, काकू, डॉक्टर म्हणतात गार काही चोखलं तर दुखणं कमी होतं, मग दूध, पेज काहीतरी घशाखाली उतरेल. तुमच्या कांड्या कराल का? पण आंबट नको. लिंबू, संत्रं काहीच नको, फार झोंबतं. फोन ठेवताना तिने पुन्हा बजावलं. मी म्हटलं, अगं, मला शिकवतेस का?

पहिला घाणा मी बिनलिंबाचाच केला होता. खरंच केला होता. कलिंगड, पुदिना, पाक. मग चाखला. काहीच नाही. गोड पाणी. ओट्यापाशी चमचा हातात धरून उभी होते आणि मला जाऊबाईंचा चेहरा दिसायला लागला. बाकी बर्फच. बाई आजारी आहे, तोंड सोललंय, नळीच्या भीतीने झोपत नाही, हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की ही आता पुन्हा नाक मुरडणार.

मी एक लिंबू कापलं. मनाशी म्हटलं, गार झालं की आंबट कुठे कळतंय. हे शास्त्र आहे, इतकी वर्षं मीच सांगत आलेय. एकाने फरक पडला नाही, म्हणून दुसरं पिळलं. आता डोळा बारीक झाला.

दुसऱ्या दिवशी सहा कांड्या घेऊन गेले. जाऊबाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर टॉवेल. मी त्यांच्या समोर उभी राहिले, निकालाची वाट बघत असल्यासारखी. त्यांनी कांडी जिभेला लावली. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. मला वाटलं, बरं वाटतंय बिचारीला. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "छान झालीय."

वीस वर्षांनी! मी घरी कशी आले मला आठवत नाही. संध्याकाळपर्यंत शेजारणीला सांगून झालं, बहिणीला फोन करून झाला. औषधांच्या दुकानदाराला काही घेणंदेणं नव्हतं, त्यालाही सांगितलं. शाळेत तर शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांना कळलं की माझ्या जाऊबाईंना दुसरं काही उतरत नाही, फक्त माझ्या कांड्या चालतात. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पुण्य आहे हो तुमचं. मी मान खाली घालून कसचं काय म्हटलं आणि आतून फुगले.

मग दर दिवसाआड सहा. आधीच्या काड्या मला परत मिळायच्या, धुऊन, पुसून, रबर लावून. एकही कमी नाही. एकदा दारातच पुतणीने विचारलं, काकू, यात लिंबू नाहीये ना? आईला दोन दिवस दूधसुद्धा नकोसं झालंय. मी म्हटलं, वेडी की काय तू. रेडिएशन चालू आहे, ते तसंच होणार. आणि हे बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. म्हणजे तोवर ती नुसती चूक होती, त्या दिवशी मी ती खोटं बोलून पक्की केली. पुतणी बिचारी म्हणाली, नाही, आईही म्हणते छान आहेत. मला तेवढंच ऐकू आलं.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, शाळेत जायच्या घाईत मी पाक तसाच कढत चाखला. जीभ भाजली, टाळूची साल निघाली. आई गं म्हणत फ्रीज उघडला, हाताला लागली ती कांडी काढली आणि तोंडात घातली.

अर्धा क्षण बरं वाटलं. मग जे झोंबलं ते मेंदूपर्यंत. मी कांडी बाहेर काढली, तोंडात पाणी धरलं, थुंकले, पुन्हा पाणी धरलं. डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहत होतं, आणि ते गालावर जाणवलं तेव्हा मला खिडकीशी बसलेल्या जाऊबाई आठवल्या. मी ओट्याला टेकून खाली बसले. माझं एवढंसं भाजलं होतं, बोटाच्या पेराएवढं. त्यांचं सगळं तोंड तसं होतं. आणि ड्रॉवरमध्ये रबर लावलेल्या चोवीस काड्या होत्या.

मला लाज वाटली असं म्हणणं फार साधं झालं. मला माझे हात नकोसे झाले. त्या कांड्यांची फुशारकी ज्या ज्या लोकांना मी ऐकवली होती त्यांची तोंडं एकेक करून समोर यायला लागली. पुण्य आहे हो तुमचं. मी फ्रीजमधल्या सगळ्या कांड्या सिंकमध्ये टाकल्या, वरून गरम पाणी सोडलं आणि शाळेत न कळवताच निघाले.

पुतणी औषधं आणायला गेली होती. जाऊबाई एकट्याच होत्या, खिडकीशीच. मला रिकाम्या हाताने आलेली बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"त्यात लिंबू होतं," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून. दोन लिंबं."

त्या म्हणाल्या, "माहीत आहे."

आता सांगायलाच हवं. त्या क्षणीसुद्धा मला त्यांचाच राग आला. असा आहे माझा स्वभाव. माहीत होतं तर बोललात का नाही, वीस वर्षं तुमच्या जिभेला लगाम नव्हता, माझं एक धड गोड लागलं नाही तुम्हाला, आणि जिथे बोलायचं तिथे छान झालीय? मी असं बरंच काही बोलले, उभ्याने, आजारी बाईसमोर. त्यांनी मला बोलून घेऊ दिलं. मग टॉवेलने ओठांची कड टिपली. बोलताना त्यांना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं.

"मागे बोलले," त्या म्हणाल्या, "तर आठ महिने आली नाहीस. आता माझ्याकडे आठ महिने आहेत की नाहीत, कोण जाणे."

मी खाली बसले. त्यांच्यासमोरच्या स्टुलावर मी अकरा दिवस दर दिवसाआड येऊन बसत होते, इकडचं तिकडचं बोलत होते, आणि त्यांना हवं होतं ते एवढंच होतं. कांडी ही त्याची किंमत होती. ती त्या मुकाट्याने देत राहिल्या, काड्या धुऊन परत करत राहिल्या, कारण लवंगीला नाव ठेवलं की लवंगी फुटते आणि येत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला तर त्याचा अभिमान होता.

पुतणी आल्यावर तिलाही मी सांगितलं. विचारलं तेव्हा खोटं बोलले, हेही सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं, औषधांची पिशवी फळीवर ठेवली आणि आईचं पांघरूण नीट करायला लागली. ते नीटच होतं.

शुक्रवारी वजन साडेएक्केचाळीस भरलं. अर्धा किलो. नळी घातली.

नर्स म्हणाली, या टप्प्यावर पुष्कळांना लागते, तीन आठवड्यांनी काढू. पुतणीनेही मला तेच सांगितलं, पण माझ्याकडे न बघता. असेलही तसं. पण तो अर्धा किलो कुठे गेला हे मला विचारलं तर मी दाखवू शकते. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, रबर लावून.

चौथ्या दिवशी मी डॉक्टरांना स्वतः भेटून विचारलं, काय चालेल ते कागदावर लिहून घेतलं आणि कांडी केली. पिकलेली पेअर शिजवून, गाळून, पुदिना नावाला, साखर बेताची. चाखली, आणि काहीएक न मिसळता साच्यात ओतली. मुख्याध्यापिकांनी विचारलं, काय मग, जाऊबाई खातात ना तुमच्या कांड्या? मी खरं काय ते सांगितलं. उरलेल्यांनाही सांगायचंय, एकेकाला. दुकानदार राहिलाय.

कांडी घेऊन गेले तेव्हा पुतणीने दार उघडलं. आधी कांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कागद पुढे केला. तिने तो सगळा वाचला, मागूनही बघितला, मग बाजूला झाली. जाऊबाईंच्या नाकातून नळी आली होती आणि गालावर पट्टीने चिकटवली होती. या वेळी मी समोर उभी राहिले नाही. बाजूला स्टुलावर बसले आणि रस ठिबकेल म्हणून त्यांच्या हनुवटीखाली वाटी धरली.

त्यांनी कांडी जिभेवर ठेवली. डोळे मिटले नाहीत. एकदा चोखली, पुन्हा चोखली. जरा वेळ विचार केला.

"पांचट आहे," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो.

त्यांनी आणखी थोडी चोखली. मग माझ्याकडे मान वळवली. पट्टीमुळे त्यांना एकाच बाजूने हसता येत होतं.

"लिंबू हवं होतं," त्या म्हणाल्या.

मागे पुतणीसुद्धा हसली. मला नाही हसता आलं. मी वाटीकडे बघत बसले आणि उद्या किती वाजता येऊ ते विचारलं.